ताराबाई मोडक आणि बालवाडीतील मायेचे शिक्षण

मूल तीन वर्षांचे झाले की त्याला बालवाडीत पाठवावे, ही गोष्ट आता आईबापांना समजावून सांगावी लागत नाही. गावोगाव, वस्तीवस्तीत आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात बालवाड्या व अंगणवाड्या चालू आहेत. परंतु बालवाडीत मुलाने काय शिकावे, असा प्रश्न विचारला तर बहुतेक पालकांकडून एकच उत्तर येते. मुलाला अक्षरे यावीत, शंभरापर्यंत अंक यावेत, चार गाणी पाठ व्हावीत आणि पुढे चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा. शेजारी बसलेले मूल रडत असेल तर ते आपल्या मुलाच्या लक्षात यावे, आपल्या हातातली वस्तू त्याने दुसऱ्याला द्यावी, दुबळ्याला ढकलू नये, हेही शिक्षणच आहे, किंबहुना हेच पहिले शिक्षण आहे, याचा मात्र आपल्याला सहज विसर पडतो.

ज्या थोर शिक्षिकेने आपले उभे आयुष्य या पहिल्या शिक्षणासाठी वेचले, त्या पद्मभूषण ताराबाई मोडक यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय आहे. आपल्या संस्थांतून लहान मुलांना शिकविणाऱ्या भगिनींनी आणि त्या मुलांच्या मातापित्यांनी तो वाचावा, एवढीच अपेक्षा आहे.

बालपण आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. त्या काळच्या समाजाचा रोष पत्करून त्यांनी एका विधवेशी विवाह केला होता. अशा सुधारकी घरात ताराबाई वाढल्या. माणसाची योग्यता त्याच्या जातीवरून ठरवू नये, स्त्रीने शिकावे आणि जे मनाला पटले ते आचरणात आणावे, हे संस्कार त्यांना पुस्तकातून मिळाले नाहीत. ते घरातच डोळ्यांसमोर होते. मुलाच्या मनावर उपदेशापेक्षा घरातल्या माणसांच्या वागण्याचा ठसा अधिक खोल उमटतो, हे तत्त्व त्यांनी पुढे हजारो पालकांना सांगितले. त्याचा पहिला पुरावा त्यांचे स्वतःचे बालपण होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वेळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढे अमरावतीचे एक वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ साली तो मोडला. पदरी लहानगी मुलगी, समाजात एकट्या स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी कठोर आणि पुढची वाट अनोळखी, अशा अवस्थेत ताराबाई खचल्या नाहीत. त्यांनी राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. मुलींना शिक्षिका बनविणारे ते महाविद्यालय होते. पद मानाचे, पगार चांगला. कोणतीही व्यक्ती तेथेच समाधानाने निवृत्त झाली असती.

भावनगरची हाक

त्याच सुमारास काठेवाडात भावनगर येथे एक नवा प्रयोग चालू होता. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती मारिया मॉन्टेसरी यांचे लेखन आले आणि त्यांनी वकिली सोडली. दक्षिणामूर्ती या संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. त्या काळी शाळा म्हटली की मुलाच्या डोळ्यांपुढे छडी उभी राहत असे. गिजुभाईंनी बालमंदिरातून छडी हद्दपार केली. छडीबरोबरच बक्षीस आणि पहिला-दुसरा नंबर यांनाही त्यांनी रजा दिली.

ताराबाईंनी हा प्रयोग पाहिला आणि १९२३ च्या सुमारास राजकोटचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या. प्राचार्यपद सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसणे ही गोष्ट त्या वेळच्या अनेक सुशिक्षितांना वेडेपणाची वाटली असल्यास नवल नाही. लहान मुलांना सांभाळणे हे काम दाईचे, त्याला पदवीधर कशाला हवा, अशी समजूत आजही पुरती गेलेली नाही.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाची शिक्षणपत्रिका प्रथम गुजराथीतून निघत असे. १९३३ पासून ताराबाईंच्या संपादनाखाली तिची मराठी आवृत्ती निघू लागली. मुलाला मारू नये, त्याला भीती दाखवू नये, त्याच्या प्रश्नांची हेटाळणी करू नये, अशा साध्यासुध्या गोष्टी या मासिकाने मराठी घरांत पोहोचविल्या. आज आपण ज्या गोष्टी गृहीत धरतो, त्यांसाठी कोणीतरी महिन्यामागून महिने लेखणी झिजवली होती, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

दया शिकवता येते काय?

येथे थोडे थांबून या शिक्षणपद्धतीत माया आणि सहानुभूती यांना कोणते स्थान होते ते पाहू. कारण मुलांना मोकळीक दिली तर ती उद्धट आणि स्वार्थी होतील, हा आक्षेप त्या काळीही घेतला जात होता.

लहान मुलाच्या अंगी सहानुभूतीचे बीज उपजतच असते. तान्हे मूल दुसऱ्या तान्ह्याचे रडणे ऐकून स्वतः रडू लागते. दीड-दोन वर्षांचे मूल रडणाऱ्याजवळ जाऊन आपले खेळणे त्याच्यापुढे धरते. चार-पाच वर्षांच्या सुमारास, दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा निराळे काही असू शकते, हे त्याला उमगू लागते. आजच्या बालमानसशास्त्राने या पायऱ्या तपासून पाहिल्या आहेत. म्हणजे अडीच ते सहा हा बालवाडीचा काळ नेमका या बीजाला अंकुर फुटण्याचा काळ होय. या वयात मुलाला सतत धाक मिळाला, तर त्याचे सारे लक्ष स्वतःला वाचविण्यात गुंतते. भ्यालेल्या मुलाला दुसऱ्याचे अश्रू दिसत नाहीत.

म्हणून बालमंदिरात पहिली गोष्ट केली जाई ती भीती काढून टाकण्याची. दुसरी गोष्ट म्हणजे स्पर्धा काढून टाकण्याची. बक्षिसासाठी धावणाऱ्या मुलाला शेजारचे मूल पडले तर आनंद होतो, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. तिसरी गोष्ट अशी की मॉन्टेसरी पद्धतीच्या वर्गात प्रत्येक साधन एकेकच ठेवलेले असते. एक मूल मनोरा रचत असेल तर दुसऱ्याला थांबावे लागते. ते हिसकावून घेता येत नाही आणि पहिल्याचे काम संपल्यावर ते जागेवर नीट ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थांबणे, वाट पाहणे आणि दुसऱ्याच्या कामाचा मान राखणे यांवर निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही. वर्गाची रचनाच ते काम करते.

चौथी गोष्ट म्हणजे वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र असणे. तीन वर्षांच्या मुलाच्या चपलेचा पट्टा पाच वर्षांचे मूल लावून देते. पाणी सांडले तर पुसायला दोघे धावतात. पाणी वाढणे, केर काढणे, झाडांना पाणी घालणे ही कामे मुले स्वतः करतात. ज्या हातांना दुसऱ्यासाठी काही करण्याची सवय लागते, त्या हातांना ढकलण्याची आणि ओरबाडण्याची ओढ कमी होते.

आणि मोकळीक? तिला एक सीमा होती. मुलाने काय करावे हे त्याने ठरवावे, परंतु त्याच्या करण्याने दुसऱ्याला इजा किंवा अडथळा होता कामा नये. अशा वेळी शिक्षिका मुलाला मारीत नसे, पण त्याला थांबवीत मात्र असे. स्वैरपणा आणि स्वातंत्र्य यांतला हा भेद ज्यांना कळला नाही त्यांनीच या पद्धतीवर टीका केली.

दादरचे शिशुविहार

भावनगरचे काम स्थिरावल्यावर ताराबाई मुंबईस परतल्या. १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू झाले. बालशिक्षणाचे शिक्षण देणारे अध्यापन मंदिरही त्याला जोडलेले होते. येथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षिका महाराष्ट्रात ठिकठिकाणी गेल्या. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले आणि संघाच्या कामाचा मोठा भार ताराबाईंच्या खांद्यावर आला.

शिशुविहार नावारूपाला आले. परंतु ताराबाईंच्या मनाला एक प्रश्न बोचत होता. मॉन्टेसरी बाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब मजुरांच्या वस्तीत उघडले होते. तीच पद्धत हिंदुस्थानात आली तेव्हा मात्र ती खर्चिक साधनांमुळे सुखवस्तू कुटुंबांपुरती राहिली. गरिबांच्या मुलांसाठी जन्मलेली शाळा श्रीमंतांच्या दारी अडकून पडली होती.

हा प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. एकाच थरातील, सारखे कपडे घातलेली, सारखे डबे आणणारी मुले एकत्र बसवून त्यांना सहानुभूती शिकविली, तर ती सहानुभूती आपल्यासारख्यांपुरतीच राहते. ज्याचे कपडे फाटके आहेत, ज्याची भाषा निराळी आहे, ज्याच्या घरी सकाळी चूल पेटली नाही, त्याच्याविषयी मुलाला काही वाटावे असे असेल, तर आधी शाळेला त्या मुलाविषयी काही वाटले पाहिजे. करुणा प्रथम शाळेने शिकली पाहिजे, मग ती मुलांना शिकवावी. ताराबाईंच्या पुढील आयुष्याचे सार हेच आहे.

बोर्डी : शाळा अंगणात गेली

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. या कामात त्यांना एक तरुण सहकारी मिळाली, ती म्हणजे अनुताई वाघ. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि सहा महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. पुढे शिकून त्या पुण्यात शिक्षिका झाल्या होत्या. आयुष्याने दोघींनाही कठोरपणे वागविले होते. तरी दोघींनीही तो कठोरपणा पुढे कोणाच्या वाट्याला जाऊ दिला नाही.

बोर्डीत पहिला अडथळा आला तो मुलांच्या येण्याचाच. मध्यवर्ती बालवाडीत गावातील सुस्थितीतील मुले येत. त्या काळी हरिजनवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतील मुले मात्र येत नसत. शिवाशिवीची भीती, आईबापांची मजुरी, अंगावर धड कपडा नाही, अशी अनेक कारणे होती. पालकांना शिक्षणाची आवड नाही असे म्हणून बाजूला होणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या आणि एखाद्या घरापुढच्या अंगणात मुले गोळा करून बालवाडी भरू लागली. हीच अंगणवाडी. आज सर्व देशाच्या ओठी असलेला हा शब्द अशा रीतीने एका वस्तीच्या अंगणातून निघाला.

अंगणवाडीत शिक्षणाचा प्रारंभ पाटीपेन्सिलीने होत नसे. मुलांचे हातपाय धुणे, त्यांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हे पहिले काम होते, आणि ते शिक्षिका आपल्या हातांनी करीत. ज्या मुलांना शिवणे समाज टाळत होता, त्यांच्या केसांतून शिक्षिकेची फणी फिरत होती. मायेचा पहिला धडा मुलाला असा मिळाला. नंतर तेच मूल आपल्या धाकट्या भावाचे तोंड धुऊ लागते.

खर्चिक साधनांचा प्रश्नही येथेच सुटला. समुद्रावरचे शिंपले, नदीनाल्यांतले गोटे, झाडांच्या बिया, पाने, फुले आणि माती यांतून साधने तयार झाली. रंग ओळखायला फुले, मोजायला चिंचोके, लहानमोठे लावायला शंख. गरिबाच्या मुलाला शाळेत आल्यावर परकेपणा वाटू नये, याचीही सोय त्यात आपोआप झाली. त्याच्या अंगणातल्याच वस्तू शाळेत मानाने मांडलेल्या होत्या.

कोसबाडची टेकडी

१९५७ साली हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे गेले. टेकडीच्या आसपास वारली आदिवासींचे पाडे. येथील दारिद्र्य बोर्डीपेक्षाही भयंकर. ताराबाईंचे वय तेव्हा पासष्ट होते.

आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेतल्यावर दिसून आले की ती रिकामी नव्हतीच. सात-आठ वर्षांची मुलगी दिवसभर कडेवर धाकटे भावंड घेऊन असे, कारण आई मजुरीवर गेलेली. मुलगा गुरे घेऊन रानात गेलेला. या मुलांना आळशी म्हणणे हा अन्याय होता. कुटुंबाचा भार वाहणारी ती लहान माणसे होती.

यातून विकासवाडीची कल्पना जन्मली. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यांच्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि त्याहून मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा, ही तिन्ही एकाच ठिकाणी. बहीण वर्गात बसली की तिचे भावंड जवळच्याच पाळणाघरात असे. भावंडाला टाकून शाळेत ये, असे तिला कोणी सांगितले नाही. तिच्या मायेला शाळेतच जागा करून देण्यात आली. या एका गोष्टीत ताराबाईंच्या शिक्षणविचाराचे मर्म दिसते. दुसरी एखादी शाळा असती तर तिने हजेरीपटावर गैरहजर अशी नोंद करून समाधान मानले असते.

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे जेथे चरत तेथेच शिक्षक जाई. गुरे चरत राहत आणि मुले झाडाखाली शिकत. दिवसा ज्यांना सवड नसे त्यांच्यासाठी रात्रीची शाळा होती. मुलाच्या गरजेप्रमाणे शाळेचे रूप बदलत गेले. शाळेच्या सोयीसाठी मूल मोडण्यात आले नाही.

ताराबाईंच्या कार्याचा गौरव म्हणून भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे अनुताई वाघ यांनी १९९२ साली आपला अंत होईपर्यंत कोसबाडचे काम निष्ठेने चालविले. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. जे काम एके काळी दाईचे समजले जाई, ते आता शिक्षणाचा पाया म्हणून मान्य झाले आहे.

आपल्यासाठी बोध

ताराबाईंचे चरित्र वाचून त्यांच्याविषयी आदर वाटणे पुरेसे नाही. आपल्या बालवाडीकडे, आपल्या घराकडे आपण एकदा त्यांच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. आपल्या वर्गात उशिरा येणाऱ्या मुलाला दाराबाहेर उभे करतात काय? फी थकलेल्या मुलाचे नाव सर्वांसमोर घेतले जाते काय? अडखळत बोलणाऱ्या मुलाला इतर मुले हसतात तेव्हा शिक्षिकाही हसते काय? ही दृश्ये वर्गातील तीस-चाळीस मुले डोळे उघडे ठेवून पाहत असतात. त्या दिवशीचा फळ्यावरचा धडा ती विसरतील, पण हा धडा विसरणार नाहीत.

पालकांनीही हे लक्षात घ्यावे की भावंडाशी प्रेमाने वाग असे ओरडून सांगताना मुलाच्या कानी पडतो तो आपला ओरडा. घरकामाला येणाऱ्या बाईशी आपण कसे बोलतो, दारी आलेल्या गरजवंताला कोणत्या शब्दांनी परत पाठवितो, घरातील वृद्धांना आधी जेवायला वाढतो की शेवटी, हाच मुलांचा अभ्यासक्रम होय. मुलाने पाण्याचा पेला आजीला नेऊन दिला तर त्याचे पाणी सांडले म्हणून रागावू नये. ते सांडलेले पाणी पुसता येते. पेला घेऊन निघालेले पाऊल मागे फिरले तर ते पुन्हा सहजासहजी पुढे पडत नाही.

आणि ज्या मुलाचे नाव आपल्या हजेरीपटावर अजून आलेलेच नाही, त्याचे काय? गल्लीच्या टोकाच्या झोपडीत, विटांच्या भट्टीवर, गॅरेजच्या मागच्या खोलीत तीन-चार वर्षांची मुले आजही दिवस काढीत आहेत. आपली शाळा सुंदर असेल, निकाल शंभर टक्के असेल, पण त्या मुलाची गैरहजेरी आपल्याला बोचत नसेल, तर आपण आपल्या मुलांना सहानुभूती शिकवितो असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. वयाच्या पासष्टाव्या वर्षी टेकडी चढून गेलेल्या ताराबाईंनी हे आचरून दाखविले. त्या टेकडीची चढण प्रत्येक वस्तीत आहे. ती चढण्याची हिंमत आपल्या शिक्षकांना, पालकांना आणि संस्थाचालकांना लाभो, हीच या थोर शिक्षिकेला खरी आदरांजली ठरेल.